टॉरंट म्हणजे मारुतीच्या कुठपर्यंत?

इंग्रजी शब्दांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या निवृत्तीकाकांचं ऐका. पंच्याण्णवच्या आसपास आम्ही दोघं नाशकात इंग्रजी बोलायच्या क्लासला जायचो. काकांचा गोदावरीकाठी भाजीचा मळा. सर पुण्याहून नवीनच आलेले.

सरांनी फळ्यावर 'टॉरंट' लिहिलं. "म्हणजे जोरात धावणारं पाणी. लोंढा."

काकांनी हात वर केला. "सर, मारुतीच्या कुठपर्यंत?"

"कोणता मारुती?"

अख्खा वर्ग सरांना हसला. नदीतल्या दुतोंड्या मारुतीवरच नाशिककर पूर मोजतात.

काका म्हणाले, "गुडघ्याला पाणी लागलं की आम्ही सावध व्हतो. कमरेला लागलं की काठावरली मोटर काढतो. मग टॉरंट कुठं बसतं?"

सरांनी डिक्शनरी बराच वेळ चाळली. तिच्यात मारुती नव्हता.

श्रावणात पूर आला. मी न् काका चिखलातून पाण्याची मोटर ओढत होतो, तेवढ्यात सर छत्री सावरत मळ्यात पळत आले. "काका, मी आत्ताच बघून आलो! मारुतीच्या कमरेला लागलंय! हाच टॉरंट!"

"असंल सर," काका म्हणाले. "आता छत्री मिटा आन् मोटरीला हात लावा."