पहिले हजार किलोमीटर

नाही बसवत म्हणलं ना, अनुप — तो मोठा पिस्टन डब्ब्यातच राहू दे. बसवता येत नाही काय मले? या जठारपेठेत दीडशे सीसीच्या गाडीत असा पिस्टन पह्यले कोनं टाकला? म्याच. पोट्टे रांग लावत होते. गाडी पयते काय? सुसाट पयते ना! सहा महिने अशी पयते का तुले वाटन, आपनच राजे. मंग ऑइल पिऊन राहिली, मंग क्लचप्लेटा जळून राहिल्या, मंग खालून खडखड — कंपनीनं इंजिन जेवढ्या जोराचं बनवलं तेवढाच जोर ते वर्षानुवर्षं सोसते, बाप्पा. वरचा जोर कुठून येते? त्याच्याच आयुष्यातून येते. अन् त्यात आपलं अकोल्याचं ऊन.

काय? पातूरच्या जीवनले कावून बसवून देला? कोनं सांगतलं तुले? — देला, हो. बस त्या स्टुलावर. झेंडूवाला जीवन. फुलाचे दोन गाठोडे बांधून रोज अकोल्याच्या बाजारात. म्हणे दादा, वझ्यानं गाडी दमते, काही करा. पुढचं चेनचक्र बारीक टाकलं असतं तरी भागत होतं. पन मले पिस्टन टाकाची हौस! नवा पिस्टन म्हणजे पह्यले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्याचं नाही, त्याले सिलिंडरमंधी नीट बसू द्या लागते — हे म्या त्याले चार डाव सांगतलं. त्यानं आयकलं. अंडे घेऊन चालला अशी चालवली बिचाऱ्यानं.

तरी जाम झाली. बाराव्या दिवशी, पातूरच्या घाटात, मांगं त्याची बायको शकुन — इंजिन जाम, मांगचं चाक जाम, दोघंही रोडवर. त्याले खरचटलं. तिच्या घोट्यात सळी हाय आता, फुलं तोडाले बसता येत नाही. जीवन गाडी टेम्पोत टाकून इथं आला, म्या सिलिंडर खोललं, ओरखडे दाखवले, अन् चार लोकाइसमोर त्याले म्हणलं — तू हानली असशीन गाडी. तो मान खाली घालून म्हणते, एक डाव पन्नासवर गेली दादा, लग्नाच्या हाराची घाई होती. पन्नास! पन्नासनं काय होते रे? गाडी द्याच्या दिवशी सकाळी म्याच नेली होती बायपासवर. ब्यान्नव! मांगून पोट्टे मोबाईलवर शूटिंग काढून राहिले होते अन् मी टाकीवर पालथा — बावन्न वर्साचा मानूस! वापस आलो तवा इंजिनातून जळका वास येत होता. ओरखडे तवाच पडले होते. समजलं होतं मले. तरी पुसली गाडी, हळदकुंकू लावलं, अन् देली त्याच्या हातात.

लाज वाटते. एक डाव खोटं बोललो ते बोललो, पन तो अजूनबी इथंच येते ना! दुसरी गाडी घेतली, तिची सर्विसिंगबी माह्याकडंच. शकुनले बसवत नाही गाडीवर, ऑटोनं आनते. अन् माह्यासमोर सांगते तिले — दादानं बजावलं होतं, मीच आयकलं नाही, माह्यामुळं तुहा पाय गेला. मी खाली बसून ऑइल बदलत राहतो, वर पाहाची हिंमत होत नाही.

काय म्हणलं? त्याले सांगतलं काय?

सांगतलं असतं तर तुले कावून सांगत बसलो असतो? — ऊठ. नीघ इथून.