गच्चीवरची गोगलगाय

थोरली : म्हणजे ती गोगलगाय तू होतीस?

धाकटी : ओरडू नकोस गं ताई. रोज मूठभर पानं तोडायचे, बस.

थोरली : प्रयोगशाळेची रोपं आहेत ती! ऊन मिळावं म्हणून गच्चीवर आणली. पानं कोण खातंय म्हणून मी वेडी रोज पहाटे भिंग घेऊन कुंड्यांभोवती रांगतेय!

धाकटी : दिसायचीस ना, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. काढा उकळता उकळता मला तुझी दयाच यायची.

थोरली : काढा केलास? मी त्या पानांवर साबणाचं पाणी मारत होते!

धाकटी : तरीच! मी म्हटलं, एवढा फेस येतोय, औषध जालीम दिसतंय.

थोरली : हसू नकोस. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू आहेत ना?

धाकटी : गोळ्यांनी डोकं जड होतं. सोडल्या. तूच जेवताना म्हणालीस, या झाडाचा अर्क एंडोमेट्रिओसिसवर चालतोय.

थोरली : काचेच्या ताटलीत! गर्भाशयाचं अस्तर भलतीकडे वाढतं ना, त्या पेशी ताटलीत ठेवून वर थेंब टाकतो आम्ही. तू ताटली आहेस का?

धाकटी : उंदरांनाही दिलंस. त्यांच्या गाठी लहान झाल्या म्हणालीस.

थोरली : उंदरांच्या. माणसापर्यंत पोचायला कितीतरी वर्षं जातील. पोचणारही नाही कदाचित.

धाकटी : सख्खी बहीण घरात, आणि मी रांगेत उंदरांच्या मागे!

थोरली : आणि अर्क मुळांचा काढतो. पानांत काही नाही.

धाकटी : काहीच नाही?

थोरली : साबण आहे.

धाकटी : मग मला बरं कसं वाटतंय?

थोरली : वाटतंय?

धाकटी : सगळ्यांना सांगते तरी तसं.

थोरली : मी सगळ्यांचं विचारलं नाही.

धाकटी : परवा ऑफिसच्या बाथरूममध्ये पोट धरून फरशीवर बसले होते. कुणीतरी दार वाजवलं. म्हटलं, कानातलं पडलंय, शोधतेय.

थोरली : आईचंही सारखं काहीतरी पलंगाखाली पडायचं. बटण, किल्ली.

धाकटी : आणि आपण दोघी खाली घुसायचो शोधायला. एकदा मला खरंच किल्ली सापडली. आई केवढी दचकली होती!

थोरली : मला वाटायचं, आई वेंधळी आहे.

धाकटी : म्हणून हे काम धरलंस?

थोरली : धरलं तेव्हा ती नव्हती. काय, किती, कधीपासून, विचारायचं कुणाला?

धाकटी : मला वाटलं, तुझं औषध लागू पडायचंच असेल, तर आधी मला पडावं. तुला बरं वाटलं असतं.

थोरली : शहाणीच आहेस. फोन दे इकडे.

(थोरली दवाखान्याला फोन लावते.)

थोरली : नमस्कार. बहिणीला आजच दाखवायचंय. हो, तेच दुखणं. थांबा हं... ए, विचारतायत, फार दुखतंय का?

धाकटी : थोडंसं म्हणून सांग.

थोरली : मी नाही. तूच सांग. घे.

धाकटी : हॅलो. हो, मीच बोलतेय. हो... खूप दुखतंय.