कंप्युटरचं जॅकेट

अध्यक्षस्थानी बसलेले या कपड्यांच्या कारखान्याचे मालक, त्यांच्या शेजारी मॅनेजर मॅडम, ज्यांच्यासाठी आज आपण जमलोय ते आपले कटिंग मास्तर, पहिल्या रांगेत मास्तरांवर लक्ष ठेवून बसलेल्या काकू, शिलाई विभागातल्या सगळ्या ताया आणि मावश्या, इस्त्रीवाले काका, आणि मी पळून जाऊ नये म्हणून दार अडवून उभा असलेला माझा मामा, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी कोण, ते आधी सांगते. कोपऱ्यावरचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान मामाचं. आत पडद्यामागे बसून मशीन उघडणारी ती मी. शाळा मी नववीत सोडली. का सोडली, तो आजचा विषय नाही. गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की मी पडद्यामागे जाते, म्हणून मामा मला 'म्यूट' म्हणतो. आज त्यानं हा माइक मला दिला तेव्हा आधी स्वतःच दोनदा तपासून घेतला. बिघाड माइकमध्ये निघू नये म्हणून असेल.

तर मग मी इथं कशी? मास्तरांनी अट घातली. म्हणाले, निरोपाचा समारंभ करा, पण भाषण या पोरीचं. मी म्हटलं, मास्तर, मला माणसांबद्दल बोलता येत नाही. ते म्हणाले, "माझ्याबद्दल बोलूच नकोस. उगाच बायका रडतील. कंप्युटर फास्ट कशानं चालतो, तेवढं सांग आणि बस."

म्हणून मी तेवढंच सांगणार आहे. आणि हा विषय मला येतो, त्यामुळे घाबरत नाहीये.

तुम्ही सगळे कापडातले आहात, म्हणून कापडाच्या भाषेत सांगते. कंप्युटरच्या आत एक प्रोसेसर असतो. तो म्हणजे कटिंग मास्तर. काम करणारा तो. मग रॅम असते. ते म्हणजे त्याचं कापायचं टेबल. आता मास्तर कितीही तरबेज असले आणि टेबल पाटाएवढं असलं तर? एक तागा पसरायचा तर दुसरा उचलून ठेवावा लागणार. टेबल मोठं केलं की काम सुटसुटीत होतं. आणि हार्ड डिस्क म्हणजे गोदाम. जुनी डिस्क असेल तर प्रत्येक गोष्टीसाठी शिडी लावून माळ्यावर चढायचं. नवी एसएसडी असेल तर सगळं हाताशी, फळीवर. जुन्या कंप्युटरमधली एकच गोष्ट बदलायची असेल तर बहुतेक वेळा मी हीच बदला म्हणते. फरक कसा पडतो? बटण दाबून तुम्ही चहा आणायला जाता ना, तो चहा आणायला वेळच मिळत नाही.

आणखी एक. सकाळी कंप्युटर सुरू झाला की त्याच्याबरोबर दहा प्रोग्राम आपोआप सुरू होतात. काम कोणालाच नसतं, पण सगळे टेबलाला टेकून उभे. त्यांना घरी पाठवायचं. ताया हसताहेत, म्हणजे इथंही असे कोणी असणार.

आता मास्तरांचा कंप्युटर. त्यावर ते कपड्याचे नमुने काढतात, हे तुम्हाला माहीत आहे. कात्री सोडून उतारवयात माउस धरला, आणि तोही असा धरला की जणू खडूच आहे. पण गेल्या काही महिन्यांत एक तक्रार सुरू झाली. सकाळी काम बरोबर, दुपारनंतर गाडी अडते. नमुने उशिरा येतात, मग शिलाई खोळंबते, मग इस्त्री खोळंबते. आणि माणसं काय म्हणायला लागली? मास्तर स्लो झाले. जेवण झालं की पेंगतात. वय झालं. इस्त्रीवाले काका खाली बघताहेत, पण काका, एकटे तुम्हीच म्हणाला नव्हता.

मॅडमनी घाईनं काही ठरवलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांनी मशीन आमच्याकडे पाठवलं. मी रॅम वाढवली. पुन्हा आलं, तेव्हा एसएसडी टाकली. पंखा झाडला. बिनकामाचे प्रोग्राम बंद केले. आमच्या दुकानात ते मशीन दिवसभर हरणासारखं पळायचं. इथं परत आलं की दुपारी पुन्हा तेच. शेवटी मामानं छातीवर हात ठेवून मॅडमना सांगितलं, "मशीन फिट आहे. त्याची गॅरंटी माझी."

मामा खोटं बोलला नव्हता. पण बघा, त्या एका वाक्यानं काय झालं. मशीन फिट, तर मग बिघडलंय कोण?

आजची ही सभा, हा हॉल, या खुर्च्या, हे सगळं त्या वाक्यानंतर ठरलं. मॅडमनी मास्तरांना बोलावून नीट, मायेनंच सांगितलं की आता आराम करा, नवा माणूस बघतो. मास्तरांनी हे कोणाला सांगितलं नाही. घरी काकूंनासुद्धा नाही. ते आमच्या दुकानात आले, पडदा बाजूला केला आणि माझ्या समोर स्टूल ओढून बसले.

म्हणाले, "डॉक्टर, खरं सांग. मशीन फिट असेल तर मीच बिघडलोय. तसं असेल तर गुमान जातो. पण मला माहीत असायला पाहिजे."

बसल्या बसल्या त्यांनी माझे स्क्रू-ड्रायव्हर लहान-मोठे असे ओळीनं लावून ठेवले आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी मामाला म्हटलं, मला ते मशीन त्याच्या जागेवर बघायचंय. मामा म्हणाला, "तू? इतक्या माणसांत?" मी म्हटलं, मशीन तिथंच आजारी पडतंय, तर तिथंच जायला नको का?

तर आले. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी त्या दिवशी मला विचारलं की तू कोणाची गं. मी उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आज माफ करा.

सकाळी मास्तर साधे नमुने काढत होते, सगळं छान. जेवणानंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं. पलीकडे इस्त्र्या सुरू झाल्या. आणि मास्तरांनी मोठं काम काढलं, एका शर्टाचे सगळ्या मापांचे तुकडे कापडावर असे बसवायचे की चिंधी वाया जाऊ नये. हे काम कंप्युटरचा घाम काढतं. मी प्रोसेसरचा वेग दाखवणारा आकडा उघडून ठेवला होता. तो घसरायला लागला. घसरत घसरत अर्ध्याच्याही खाली. मास्तरांचा हात पुढच्या तुकड्यावर जाऊन थांबलेला, आणि कंप्युटरचा पडदा अजून मागच्या तुकड्यावर. पेंगत होतं कोण? मास्तर नव्हते, हे मी डोळ्यांनी बघितलं.

मग मी टेबलाखाली वाकले. तिथं कोणीतरी चौकटीच्या तपकिरी कोटात बसलंय असं मला वाटलं. हात लावला तर इस्त्रीला लावावा तसा चटका.

मी विचारलं, "मास्तर, हे काय?"

मास्तर म्हणाले, "जॅकेट. अस्तराचं आहे."

कंप्युटरला जॅकेट. चारी बाजूंनी मापात. वायरी बाहेर यायला काजं. बटण दाबायच्या जागी झडप. कडांना पायपिंग. आणि मधे कापूस, म्हणजे ठेच लागू नये. मी इतकं सुंदर काम कधी पाहिलं नव्हतं. का शिवलं म्हणून विचारलं तर कळलं की मशीन नवीन आणलं तेव्हा माझ्या मामानंच बजावलं होतं, कापडाची धूळ फार उडते इथं, मशीनला जपा. कसं जपा, ते मामा बोलला नव्हता. शिंप्याला जपा म्हटलं तर तो काय करणार? हल्लीच सवड मिळाली, तेव्हा शिवलं.

मग आम्हाला दुकानात ते कधी दिसलं का नाही? कारण दुकानात पाठवताना मास्तर जॅकेट काढून, घडी घालून, खणात ठेवायचे. परक्या घरी मळेल म्हणून. आमच्याकडे मशीन नागडं यायचं आणि मोकळ्या हवेत पळायचं. मामा, दार सोडून जाऊ नकोस, पुढं तुझं नाव येणार नाही.

आता मला त्यांना सांगायचं होतं की आजार म्हणजे तुमचं जॅकेटच. ज्याच्या हातात एवढी कला आहे त्याला हे कसं सांगायचं? मी एवढंच म्हटलं, "मास्तर, याला गुदमरतंय."

मास्तर गुडघ्यावर बसले. लहान पोराच्या कोटाची काढावीत तशी एकेक बटणं काढली. पंख्याचा आवाज हळूहळू खाली आला. आकडा वर चढला. आणि पडद्यावर तुकडे पटापट जागेवर बसायला लागले, तशी शिवणाऱ्या तायांची रांगसुद्धा मान वळवून बघायला लागली.

मास्तर जमिनीवरच बसून म्हणाले, "म्हणजे मी हळू नव्हतो."

मी म्हटलं, "नाही. आणि हाही नव्हता."

हे माझ्या विषयातलं आहे म्हणून नीट सांगते. प्रोसेसर फार तापला की आपला वेग आपणच कमी करतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही. तसं केलं नाही तर जळून जाईल. बाहेरून बघणारा म्हणतो, आळशी आहे, मंद आहे. तो फक्त जीव वाचवत असतो. मला हे पुस्तकात वाचावं लागलं नाही, लगेच पटलं.

त्याच संध्याकाळी मॅडमनी मशीनला जॅकेट पुन्हा चढवायला लावलं आणि थोड्या वेळानं आत हात घालून पाहिला. मग सगळ्यांना कटिंगच्या हॉलमध्ये बोलावून म्हणाल्या की चूक माणसाची नव्हती, मास्तर कुठंही जाणार नाहीत. असं सगळ्यांसमोर म्हणायला धीर लागतो. मॅडम, तुमचे आभार.

पण मास्तरांचं उत्तर तुम्ही ऐकलंत. जे मागे होते त्यांच्यासाठी पुन्हा सांगते. ते म्हणाले, "तारीख ठरली आहे, ती राहू दे. आधी मला काढत होते. आता मी निघतोय. यात फार फरक आहे."

काकू तेव्हा नव्हत्या. नंतर कळल्यावर एवढंच म्हणाल्या म्हणे, या खुशाल घरी, पण माझ्या मिक्सरला काही शिवू नका.

तर मास्तर, कंप्युटर फास्ट कशानं चालतो? टेबल मोठं पाहिजे, गोदाम हाताशी पाहिजे, बिनकामाची गर्दी नको, आणि श्वास घ्यायला जागा पाहिजे. आणि तो हळू झाला तर त्याच्या जागेवर जाऊन, खाली वाकून बघणारं कोणीतरी पाहिजे.

मघापासून मागच्या रांगेत कुजबुज चालू आहे की या मुलीच्या जॅकेटला कोपरापाशी काज कशाला. सांगते. तिथून माउसची वायर बाहेर यायची. मास्तरांनी कंप्युटरचं ते जॅकेट उसवलं, कापूस काढला आणि माझं माप न घेता, नुसत्या नजरेनं, मला बेतलं. काज बुजवू का म्हणाले. मी म्हटलं, राहू दे. काल रात्री घालून बघितलं, बरोबर बसलं.

मालकांनी मला इथं उभं राहू दिलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार. पहिल्यांदाच बोलले आहे. कुठं टाका सुटला असेल, कुठं उसवलं असेल, तर तुम्ही शिवणारी माणसं आहात, आतल्या बाजूनं एक टाका घालून घ्या.

आणि मास्तर, ताया रडताहेत. पण मी फक्त कंप्युटरबद्दलच बोलले आहे.