कडुनिंबाला हरकत

अरे, आपल्याच प्लॉटमधलं झाड तोडायला कोण आडवं येणार, असं मला वाटायचं. फुलंब्री रस्त्याला घराचं बांधकाम काढलं, तर पार्किंगच्या जागेत नेमका मोठा कडुनिंब. मी महापालिकेत रीतसर अर्ज दिला. नियमाप्रमाणं त्यांनी झाडावर नोटीस डकवली, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून.

आणि हरकत आली की! मला शेजाऱ्याचा संशय. त्याला काय काय सुनवायचं ते पाठ करून मी सुनावणीला गेलो.

साहेबांनी विचारलं, "हरकत कुणाची?"

"माझी," मागून आवाज आला.

वळून बघतो तर आमची सुनीता! सकाळी माहेरी जाते म्हणून निघालेली बायको इथं हजर.

साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही यांच्या शेजारी राहता व्हय?"

"नाय साहेब, बायको आहे यांची. झाड पश्चिमेला आहे. ते तोडलं तर उन्हाळ्यात दुपारभर स्वयंपाकघरात मी भाजून निघणार. गाडी तर दुसऱ्या बाजूलाबी मावते, मी टेप लावून बघितलंय."

साहेब हसू दाबत माझ्याकडं बघायला लागले. मी गुपचूप अर्ज मागं घेतला. कडुनिंब वाचला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, हे घरी सांगायचं ना!"

"घरी लई वेळा सांगितलं. तुम्ही मोबाइलमधून मान वर केली नाय," ती म्हणाली. "इथं साहेबांनी बसायला खुर्ची दिली, अन् पहिल्याच वेळी ऐकून घेतलं."