मंगलला इंग्रजी येतं

माझं माहेर सोनारीचं, बाप शेळ्या राखायचा, चौथीनंतर म्या शाळेकडं पाठ केली ती कायमचीच, अन् लगीन होऊन इथं हायवेवरच्या येरमाळ्याला आले. धाकटी जाऊ मंगल मागून आली, बारावी शिकलेली. तिचं घर अन् माझं घर शेजारी, मधी कमरेएवढी भिंत. काय सांगू तुम्हाला, तिची भाकरी माझ्याहून पातळ, केस माझ्याहून लांब, ते समदं म्या सोसलं. पण नात माझी अन् मांडी तिची, हे न्हाय सोसलं.

नात म्हंजी ओवी, पुण्याच्या लेकाची, पाच वर्साची. घरात इंग्रजीच बोलायचं असा सूनबाईंचा कायदा. सुट्टीला इथं आली की पाणी पायजे तरी पोरगी भिंतीपल्याड जाऊन मंगलला सांगती. मंगल तिच्याशी फाडफाड बोलती अन् मग मला म्हणती, अक्का, तिला भूक लागलीय. माझ्या नातीची भूक मला ही सांगणार!

त्यात गुरुजी आले जनगणनेचा फॉर्म भरायला. घरात कोणती भाषा बोलता, इंग्रजी कुणाकुणाला येतं. मंगलचं लिहून झालं. म्या म्हणलं, माझं बी लिहा. गुरुजी म्हणले, बोला की काकू. मग काय, बस, स्टॉप, टिकीट, डेपो, ब्रेक फेल, हायवेनं जेवढं शिकवलं तेवढं एका दमात सोडलं. गुरुजी मान खाली घालून हसले, मंगलनं तर पदर तोंडात कोंबला. अन् माझ्या नावाम्होरं आडवी रेघ पडली.

तशीच रागानं उठले, माळाकडं तोंड केलं अन् तिथं चरणाऱ्या माझ्या शेळ्यांना हाक दिली, माझ्या बापाची हाक, जीभ टाळूला लावून टर्रर्र अन् शेवटी लांब येऽऽ हो. बाराच्या बारा शेळ्या पळत आल्या, अन् भिंतीपल्याडनं ओवी बी. डोळे हे एवढे! आज्जी, अगेन, म्हणली. तेवढं इंग्रजी मला कळलं बघा.

चार दिवस पोरगी माझ्या पदराला. टर्रर्र करून करून जीभ दुखली तरी सोडीना. म्या बी तिला घेऊन मुद्दाम भिंतीच्या कडंनंच फिरायची, दिसू दे म्हणलं मंगलला.

ती जायच्या आदल्या दिवशी सांजच्याला हाक दिली तर एक बी शेळी येईना. बघते तर समद्या मंगलच्या दारात, अन् मंगल टर्रर्र करतीय. ओवीनंच शिकवलेलं. अक्का, मला बी आलं की, म्हणली, लहान पोरीसारखं तोंड करून. असा जीव जळला माझा! एवढ्या वर्सांत हिनं मला इंग्रजीचं एक अक्षर शिकवलं न्हाय. व्हय, म्या तरी कुठं विचारलं होतं.

आता ओवीचा फोन मंगलच्याच मोबाईलवर येतो, माझा बटनाचा, त्यात तोंड दिसत न्हाय. मंगल भिंतीवरून मोबाईल धरती, तिकडून पोरगी टर्रर्र करती, इकडून आमी दोघी करतो, अन् शेळ्या मधीच उभ्या, कुणाकडं जावं कळत न्हाय त्यांना. आमची येडाई देवी पोरीला सुखात ठेवो. मंगलला बी ठेवो, फकस्त माझ्याहून जरा कमी ठेवलं तर माझी काय तक्रार न्हाय.