आठशे मीटरचं काडतूस

आमच्या मामांचे जावई गोंदियाचे. बंदूक कधी हाती धरली नाही, पण मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून रायफलीतले जाणकार झालेत. मामा नवेगाव बांधचे. धानात रानडुकरं शिरतात म्हणून त्यांच्याकडे परवान्याची एक जुनी बंदूक आहे.

परवा चहा पिता पिता जावई म्हणाले, "बाबूजी, ते पुरानी बंदूक सोडा. रायफल घ्या. एक काडतूस असं हाय का सीधा आठशे मीटर जाते."

"अन् वारा असन तं?" मामांनी विचारलं.

"मंग भारी गोळी घ्या. हलकी भटकते."

असं तासभर चाललं. मामीनं दोनदा चहा ठेवला. शेवटी एक काडतूस ठरलं.

जावई खूश. "आता आणा तुमची बंदूक, फरक समजावतो."

"ते ठाण्यात जमा हाय. निवडणूक लागली का सगळ्यायच्या बंदुका ठाण्यातच जाते."

"मंग डुकरं कायनं हाकलून राहिले?"

"तेलाचा डबा बडवून."

जावई हसले. "डब्यानं काय होते?"

मामांनी बशी खाली ठेवली. "आवाज आठशे मीटर आरामात जाते. वारा असला तं हजार."