देवीच्या गालावरचे तीन पट्टे

मंडळी, एक विचारतो. चांदी काळी पडते हवेनं. माणसाचं नाव कशानं काळं पडतं? आमच्या सूनबाई शाळेत इंग्रजी शिकवतात. त्या म्हणाल्या, "मामंजी, चांदीची चकाकी गेली की इंग्रज म्हणतो टार्निश झाली. आणि चांगल्या नावाला बट्टा लागला तरी शब्द तोच!" म्हटलं, म्हणजे इंग्रजालाही शेजारीण होती तर!

तर ऐका. एका गावात देवीचा चांदीचा मुखवटा. घटस्थापनेआधी तो रिठ्याच्या पाण्यानं, रांगोळीनं घासायचा मान वीस वर्षं गोदाक्काचा. त्या साली तिच्या बोटांना झाली खरूज. गुरव म्हणाला, "आक्का, यंदा हात राहू द्या. इंदू घासेल." इंदू म्हणजे शेजारची नवी सून.

इंदूनं घासला, आणि बायका म्हणाल्या, "असा कधी लखलखला नव्हता बाई." कधी नव्हता? मग गोदाक्कानं वीस वर्षं काय माशा मारल्या? जळली हो, आतून जळली! हसू नका, पुढच्या रांगेतल्या.

दुपारी देवळात कुणी नाही असं बघून ती गाभाऱ्यात शिरली. कुठेतरी डाग राहिला असेलच! नाकाच्या कडेला बोट, हनुवटीखाली बोट, गालावरून तर तीन-तीन बोटं फिरवली. डाग काही सापडेना. चडफडत घरी आली.

सकाळी बघतात तर देवीच्या गालावर काळे पट्टे! गोदाक्का बारा घरी सांगून आली, "त्या पोरीचा हातच वाईट. देवीनंच दाखवलं." झालं! हळदीकुंकवाला इंदूला कुणी बोलावीना. आक्काच्या खरजेचा सगळ्यांना विसर पडला, आणि मुखवटा पुन्हा गोदाक्काच्या ओसरीवर आला.

आक्का खुशीत घासायला बसली, आणि नजर गेली स्वतःच्या बोटाकडे. चांदीची अंगठी — काळीठिक्कर! खरजेला मलम कसलं लावत होती? गंधकाचं! गंधक म्हणजे चांदीचा वैरी. तिनं हळूच बोटं देवीच्या गालावर ठेवली. तीन पट्टे, तीन बोटं. तंतोतंत.

रिठे द्यायला आलेली इंदू दारात उभी. तिनं पट्टे पाहिले, अंगठी पाहिली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "आक्का, मुखवटा मी घासते. अंगठीही द्या, तीही घासते. माझं नाव मात्र तुम्ही काळं केलंत. ते तुम्हीच घासा."

गोदाक्का उठली. पहिल्या घराची कडी वाजवली. काल या दारात जीभ कशी सुरीसारखी चालली होती! आज एकेक शब्द ओढून काढावा लागला, "पट्टे माझ्याच बोटांचे. इंदूचा हात चांगला." चांदी अर्ध्या दुपारात उजळली, मंडळी. बारा घरं करायला आक्काला अख्खं नवरात्र लागलं.

परवा मीही कुणाला तरी म्हणालो, पलीकडच्या गावच्या बुवांचा गळा गेला आता. गेलाय का? मी ऐकायलाही गेलो नव्हतो! माझ्यापेक्षा त्यांच्या कीर्तनाला जास्त गर्दी होते, एवढंच माझं दुखणं. उद्या ज्यांना म्हणालो त्यांच्या घरी जाऊन माझे शब्द पुसून येतो. तुम्हीही आज घरी गेलात की कुणाच्या गालाकडे बघण्याआधी आपली बोटं बघा.